स्वस्त तिकिटाचा महागडा हट्ट

मंडळी, आमच्या वडनेर भोलजीत हल्ली कुणाचा मुलगा परदेशात आहे यापेक्षा त्याने आईबापांचं तिकीट किती स्वस्तात काढलं, याचीच फुशारकी जास्त. मला ती मान्य नाही.

मागे लेकीकडे जाताना जावईबापूंनी दोन वेगवेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवले. (हे वाचतील, वाचोत!) पहिलं विमान उशिरा पोचलं, दुसरं निघून गेलं. तिकिटं वेगळी, म्हणून जबाबदारी कुणाचीच नाही. रात्र बाकावर काढली, वर नवं तिकीट. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

दुसरं टोक म्हणजे "आईबाबांना बिझनेस क्लासच हवा." कशाला? १९५२ साली अटलांटिकवरच्या विमानांत टूरिस्ट क्लास आला, तो आपल्यासारख्यांसाठीच. आम्हाला गादी नको. सगळा प्रवास एकाच तिकिटावर, मधे तीन-चार तासांची उसंत, येण्याजाण्याच्या वाटेकडची सीट आणि आधी सांगून ठेवलेली व्हीलचेअर हवी. हे सगळं इकॉनॉमीतही मिळतं.

नांदुऱ्याहून रात्रभर रेल्वेत बसून मुंबई गाठणारी माणसं आम्ही. बसण्याचं भय नाही, परक्या गावी अडकण्याचं आहे. मुलांनो, भाव नंतर बघा, आधी तिकीट एकच आहे ना ते बघा.

असो. पटलं तर कळवा, नाही पटलं तरी कळवा.