शंभर जागांचा हिशेब

जालन्याला शंभर जागा मिळाल्या, हे वाक्य वर्षभर इतक्या सत्कार-समारंभांतून ऐकू आले, की या अंकाच्या संपादकांना त्या आकड्याची चीड यावी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, हे चांगलेच झाले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राज्यातल्या दहा महाविद्यालयांचे एकदमच उद्घाटन केले, त्यांत जालना होते, हिंगोलीही होते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आता असे महाविद्यालय आहे. या दोघांचा नंबर शेवटी लागला, एवढेच.

पण शंभरातली एकही जागा जालन्याच्या मुलासाठी राखलेली नाही. पंधरा अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या पंच्याऐंशींवर भोकरदनच्या मुलाचा जेवढा हक्क, तेवढाच बोरिवलीच्या मुलाचा. आणि हे मराठवाड्यानेच मागून घेतले आहे!

२०२० पर्यंत वैद्यकीय प्रवेशाला ७०:३० चे सूत्र होते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग. ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना, ३० टक्के बाहेरच्यांना. मागास भागाला संरक्षण हवे, हा विचार जुना. १९५३ च्या नागपूर कराराने तंत्र आणि व्यावसायिक शिक्षणातल्या प्रवेशांचा विचार केला होता, राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्येही तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची तरतूद आहे. प्रत्यक्षात मात्र मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये होती चार : छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांतून ‘नीट’ला भरघोस गुण मिळवणारी पोरे बक्कळ, जागा मोजक्या. जे संरक्षण म्हणून दिले, त्यानेच मुले कोंडली. पालक ओरडले, आमदार ओरडले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये सूत्र रद्द झाले. त्याच वर्षी ३० एप्रिलला याच कलम ३७१(२) खाली मागास भागांसाठी नेमलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत संपली होती. त्यावर जालन्यात फटाका सोडा, कुणी टिकलीही फोडली नाही.

अंतरवाली सराटी याच जिल्ह्यातली. २०२३ पासून राज्याचे आरक्षणाचे राजकारण या गावाभोवती फिरते आहे. वाटा किती, यावर मोर्चे निघाले, उपोषणे झाली, शासन निर्णय आले. ज्या जागांचा वाटा मागायचा त्या आपल्या भागात किती आणि तिथे शिकवायला कोण, यासाठी कुणी उपोषणाला बसल्याचे ऐकिवात नाही.

चांगली जागा इथे निर्माण होऊ शकते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे (१९३३ ची, जुन्या लोकांची ‘यूडीसीटी’) केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे आणि तिथे पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. शिकवला जातो. पण ती एक संस्था. गावोगावच्या पदवी महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक वर्ग ओढत असतात. पुढच्या वर्षी आपण असू का, हेच त्यांना ठाऊक नसते. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. उत्तम निर्णय! परतूरच्या मुलीचे संभाजीनगरातले खोलीभाडे मात्र तिच्या बापालाच भरावे लागते.

बाकी वर्ष नेहमीसारखे गेले. समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, वंदे भारत जालना ओलांडून नांदेडपर्यंत गेली, सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन-कापूस झोपवला. यंदाच्या अंकाचा विषय ‘स्थलांतर’. दिवाळी सरली की मंठा, घनसावंगीतून ऊसतोडीच्या गाड्या निघतील; शिकायला बाहेर पडणारी पोरेही स्थलांतरितच. हा सांधा ओढूनताणून जुळवला, असे वाटले तर वाचक नेहमीप्रमाणे पत्राने खडसावतीलच.

पत्रासाठी शाई काढलीच आहे, तर आणखी एक अर्ज लिहावा. आपल्या तालुक्यातल्या महाविद्यालयात आणि जालन्याच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकांची मंजूर पदे किती, भरलेली किती? उत्तर हातात आल्याशिवाय पुढच्या सत्काराला हार आणू नये. माहितीच्या अधिकारातल्या अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.