लक्षद्वीपची सहल : मोजमाप कशाचे?

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली आणि देशभरातील पर्यटकांचे लक्ष त्या बेटांकडे एकाएकी वेधले गेले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले आणि तेथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तथापि त्या एकत्र ठेवून पाहिल्या, तर प्रवाळ पाहावयास जाण्याचा बेत कोणत्या टोकापासून आखावयाचा, हा प्रश्न टाळता येत नाही.

सामान्यतः सहलीचा बेत पर्यटकाच्या टोकापासून आखला जातो. रजा किती, खर्च किती, बोटीत वा विमानात जागा मिळते की नाही, एवढाच विचार त्यात असतो. सरकारी नियोजनही बहुधा खोल्यांच्या संख्येपासूनच सुरू होते. लक्षद्वीपच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा केल्यावाचून गत्यंतर नाही.

याचे कारण त्या भूमीच्या घडणीतच आहे. सुमारे ३२ चौरस किलोमीटर जमीन, वस्तीची दहा बेटे आणि २०११ च्या जनगणनेनुसार चौसष्ट हजारांवर लोकसंख्या, असा हा प्रदेश प्रवाळांनीच रचला आहे. प्रवाळ हा दगड नव्हे, तो सूक्ष्म प्राण्यांचा समुदाय आहे. त्यांच्या देहात वसणारी शैवाले त्यांना अन्न पुरवितात. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी अंशभराने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की ही भागीदारी मोडते व प्रवाळ पांढरा पडतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांतही हेच घडले होते. घुमटाकार प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. त्यामुळे नांगराचा एक आघात कित्येक दशकांची वाढ नष्ट करू शकतो.

प्रवाळ हे बेटवासीयांचे भांडवलही आहे. तेथील मच्छीमार ट्यूना, म्हणजे कोकणातील कुपा, गळाने पकडतात. त्यासाठी लागणारी जिवंत आमिषाची लहान मासळी प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ पाण्यातून मिळते. पिण्याच्या पाण्याची स्थिती याहून नाजूक आहे. वाळूत मुरलेल्या पावसाच्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगतो, तीच बेटाची विहीर. उपसा वाढला, की खारे पाणी वर येते. २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारावा लागला, यावरून ही निकड ध्यानी यावी.

पर्यटकाच्या तिकिटात इंधन येते, भाडे येते, दलालीही येते. परंतु उपसलेले पाणी, सांडपाणी आणि तुटलेला प्रवाळ यांची किंमत त्यात येत नाही. ती यजमान भरतो, आणि तीही हप्त्याहप्त्याने.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की निर्बंध वाढविल्यास बेटांवरील तरुणांचा रोजगार बुडेल आणि सहल केवळ धनिकांची चैन होईल. आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर मोकळे दार हे नव्हे. थायलंडमधील माया बे या किनाऱ्यावर मोकळ्या दाराचा परिणाम असा झाला, की तो २०१८ मध्ये बंद करावा लागला. २०२२ मध्ये तो पुन्हा उघडला, तो संख्येची मर्यादा घालूनच. लक्षद्वीपला प्रवेश परवान्याची पद्धत १९६७ च्या नियमांपासून आहेच. पाणी, सांडपाणी आणि प्रवाळांची प्रकृती पाहून प्रत्येक बेटाची वार्षिक संख्या ठरवावी. जागा केवळ दर वाढवून नव्हे, तर क्रमवारीने किंवा सोडतीने वाटाव्यात. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवर घेतात तसे दैनिक शुल्क घ्यावे आणि ते प्रवाळरक्षणासाठीच राखून ठेवावे.

पर्यटकाचे कर्तव्यही यातूनच ठरते. समुद्र तापण्याचा धोका असतो असे एप्रिल-मे टाळून हिवाळ्यात जावे. प्रवाळावर पाय टेकण्याची वेळ येऊ नये म्हणून पाण्यावर तरंगण्याचा सराव आधीच करावा. अंगाला तेले-मलमे फासण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालावा. नांगर न टाकता कायमच्या तरंडाला नाव बांधणारा नाविक निवडावा. प्लास्टिकचा कचरा परत आणावा. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हेही ठाऊक असावे.

आणि ज्या वर्षी प्रवाळ पांढरे पडल्याचे वृत्त येईल, त्या वर्षी बेत पुढे ढकलण्याची तयारी हवी. पर्यटकाची एक सुटी वाया गेली, तर दुसरी मिळते. बेटवासीयांना मात्र दुसरे बेट नाही.