बातमी पारखल्यावाचून पुढे पाठवू नका



कल्याण-डोंबिवलीहून ठाण्याकडे निघालेल्या लोकलच्या डब्यात आज वर्तमानपत्र क्वचितच उघडलेले दिसते. बातमी मोबाईलवर येते आणि पुढचे स्थानक येण्यापूर्वी दहा ठिकाणी जाऊन पोहोचते. ती खरी आहे काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मारहाण करून ठार केले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशाच अफवेला बळी पडले. हा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. पुढे या हत्येला धार्मिक रंग देणारी दुसरी अफवा उठली. अखेर, अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीर करावे लागले.

केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात आहे, एवढ्यावरून काहीही सत्य मानू नका, असा उपदेश भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना केला. पोथीचे प्रामाण्य ज्यांनी झुगारले, त्यांनी मोबाईलच्या पडद्याचे प्रामाण्य शिरोधार्य मानावे काय?

म्हणून बातमी येताच पाहा: लिहिणारा कोण? तारीख कोणती? छायाचित्र त्याच प्रसंगाचे आहे काय? दुसऱ्या जबाबदार पत्राने ती दिली आहे काय? पुतळ्याच्या विटंबनेची वा अत्याचाराची वार्ता असेल, तर अधिकच जपा. खोट्या वार्तेने भडकून रस्त्यावर उतरलेल्या आपल्याच तरुणावर खटला होतो. आणि उद्याचा खरा अत्याचारही लोकांस अफवा वाटू लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयानुसार, संवेदनशील प्रकरणे वगळता, नोंदविलेला गुन्हा पोलिसांनी चोवीस तासांत आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयाचा असतो. तो तेथे शोधा. न सापडल्यास पोलीस ठाण्यात चौकशी करा, पीडित कुटुंबास प्रत्यक्ष भेटा.

शंका घेणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. बातमी खरी ठरली, तर पुरावा हाती घेऊन न्यायासाठी उभे राहा. खोटी ठरली, तर ज्यांना ज्यांना ती पाठविली, त्या प्रत्येकास तसे कळवा. एवढे कर्तव्य प्रत्येक घराने पाळावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.