चप्पल निसटली, ते कळलं का?

पायांना मुंग्या येतात म्हणून तिशीतली बाई दवाखान्यात आली की आपण साखर तपासतो, कंबरेचा एक्स-रे काढतो, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं लिहून देतो. यात गैर काही नाही. पण चप्पल काढायला लावून, डोळे मिटायला सांगून, पायाच्या अंगठ्यावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क किती जण टेकवतात? मल्टिपल स्क्लेरोसिसची सुरुवात अनेकदा याच तक्रारीने होते आणि पहिल्या खेपेला काही आठवड्यांत मुंग्या आपोआप ओसरतात. इंजेक्शनांचा गुण आला असं रुग्णालाही वाटतं, डॉक्टरांनाही. पुढचा झटका येईपर्यंत निदानाची वेळ निघून गेलेली असते.

हा आजार थंड देशांतला, आपल्याकडे कुठला, ही समजूत आता सोडायला हवी. मुंबईच्या पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात असल्याचं डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० मध्येच दाखवून दिलं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे. तो मुंबई-पुण्यात जास्त सापडतो, कारण एमआरआय आणि मेंदूविकारतज्ज्ञ तिथे आहेत. कोकणातल्या जयगडच्या रुग्णाच्या पायाला मात्र पहिला हात लागतो तो गावच्या डॉक्टरांचा किंवा फिजिओथेरपिस्टचा.

मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या तंतूंवरचं मायेलिन झिजलं की कंपनाची आणि सांध्यांच्या स्थितीची जाणीव कमी होते. ताकद शाबूत असू शकते. म्हणून रुग्णाला एक प्रश्न जरूर विचारावा: चप्पल पायातून निसटते, तेव्हा ते कळतं का? पाऊल अशक्त असेल तर चप्पल निसटते, पण ती निसटल्याचं समजतं. जाणीवच गेली असेल तर माणूस तसाच चार पावलं पुढे जातो आणि मागून कोणीतरी हाक मारतं. दुसरा प्रश्न तोंड धुण्याचा. डोळ्यांवर पाणी मारताना तोल जातो का? जयगडमध्ये या प्रश्नांना फार अर्थ आहे. जांभ्याच्या पाखाड्या, पावसाळ्यात त्यांच्यावर धरणारं शेवाळ, तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीत चढताना लागणारा उतार. उजेड असेपर्यंत डोळे पावलांचं काम करतात. तिन्हीसांजेनंतर ते करू शकत नाहीत आणि माणूस पडतो.

उन्हाळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी मायेलिन गेलेल्या तंतूतून संदेश जाणं अडखळतं. नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० मध्ये हे दृष्टीच्या बाबतीत टिपलं, पायांनाही ते लागू आहे. मे महिन्यात आंब्याच्या कामावरून परतलेल्या रुग्णाचा बधिरपणा गुडघ्यापर्यंत चढतो आणि गार पाण्याने आंघोळ केली, सावलीत बसलं की उतरतो. हा नवा झटका नव्हे. लक्षण नवं असेल, चोवीस तासांहून जास्त टिकलं असेल आणि ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग नसेल, तरच झटक्याचा विचार करावा. स्टिरॉइडची घाई नको. आपल्याकडे तर क्षयाची शक्यता तपासल्याशिवाय मुळीच नको.

कोकणात बधिर पाऊल दिसलं की कुष्ठरोग आठवतो, आणि आठवायलाच हवा. तिथे चट्टा असतो, मज्जातंतू जाड लागतो, आधी ऊन-गार आणि वेदना कळेनाशी होते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रिफ्लेक्स तीव्र असतात, तळव्यावर ओरखडा काढला तर अंगठा वर जातो, कधी पोटावर एका रेषेखाली सगळंच बदललेलं लागतं. निदान वेगळं, पण पावलाची निगा बरीचशी तीच. बधिर अवयवाची हानी रोगापेक्षा न जाणवलेल्या जखमांनी जास्त होते, हे पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांमध्ये दाखवलं आणि पुढे अमेरिकेत कारव्हिलला गेल्यावर तेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं. आमच्या मते आता ते या तिसऱ्या रुग्णापर्यंतही न्यायला हवं. रोज रात्री तळवे पाहणं, मऊ तळाची आणि टाचेला पट्टा असलेली पादत्राणं, तापलेल्या सड्यावर अनवाणी न जाणं, आंघोळीचं पाणी घरच्या माणसाने हात घालून पाहणं: कुष्ठरोग कार्यक्रमातल्या आपल्या आरोग्यसेवकांना यातलं बरंचसं पाठ आहे. या रुग्णांना जखमांपेक्षा पडण्याचा धोका मोठा, एवढा फरक लक्षात ठेवावा. पावसात चिखलात काम करणाऱ्याच्या पायाला न कळलेली चीर असेल तर लेप्टोस्पायरोसिसचीही भीती आहे.

फिजिओथेरपिस्टांना विनंती, केवळ स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम देऊन थांबू नका. आधार हाताशी ठेवून, डोळे उघडे आणि मग मिटून, कडक जमिनीवर आणि मग गादीवर उभं राहण्याचा सराव द्या. पायाची आग आणि झिणझिण्या सहन होत नसतील तर त्यांच्यावर औषधं आहेत. रुग्णाला तसंच सोसत ठेवू नये.

आणि नोंद ठेवा. कंपन अंगठ्यावर कळलं, घोट्यावर की गुडघ्यावर, किती सेकंद, कोणत्या तारखेला. एमआरआय वर्षातून एखाद्या वेळी होईल, तुमची तपासणी दर महिन्याला होऊ शकते. मुंबईला किंवा कोल्हापूरला जाताना रुग्णाच्या पिशवीत तो कागद असेल तर तिथल्या तज्ज्ञाला मधल्या महिन्यांत काय बिघडलं, काय सुधारलं, हे दिसेल आणि औषध बदलायचं की नाही, हे ठरवताना त्याचा आधार घेता येईल.