गाण्याचं बक्षीस की हजेरीचं?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. तेही थेट जपानशी, त्यामुळे आमच्या काकांचा 'तुला इथले विषय कमी पडले का रे?' हा प्रश्न येणार हे गृहीत धरून लिहितोय.

दरवर्षी ३० डिसेंबरच्या संध्याकाळी जपानमध्ये टीबीएस वाहिनीवर एक सोहळा लागतो. निहोन रेकोडो ताइशो. जपान रेकॉर्ड पुरस्कार म्हणा. सरत्या वर्षातलं एक गाणं निवडायचं आणि त्याला महापुरस्कार द्यायचा. १९५९ पासून हे चालू आहे. आणि त्याची टिंगल करणं हा तिथल्या शिकल्यासवरल्या माणसांचा जवळजवळ तितकाच जुना छंद आहे. तोक्योत नोकरीला होतो तेव्हा बोनेंकाईला, म्हणजे वर्षअखेरच्या ऑफिसच्या पार्टीला, दुसऱ्या बिअरनंतर कुणीतरी हमखास म्हणायचं, "ताइशो? चाबान!" चाबान म्हणजे फार्स, ठरवून केलेलं नाटक. बाकीचे माना डोलवायचे आणि विषय संपायचा.

मला ही मान डोलवणारी माणसं पटत नाहीत. आणि पुरस्कार चालवणारी माणसं तर त्याहून पटत नाहीत. तेव्हा दोन्हीकडून मार खायची तयारी ठेवून लिहितो.

आधी हा पुरस्कार मुळात काय आहे ते बघू. जपानच्या संगीतकारांच्या संघटनेने तो सुरू केला. कोगा मासाओ आणि हात्तोरी र्‍योइची हे त्या काळातले दोन दिग्गज संगीतकार त्यामागे होते. अमेरिकेत ग्रॅमीचा पहिला सोहळा १९५९ मध्ये झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जपानचा हा. पहिलं बक्षीस मिझुहारा हिरोशीने गायलेल्या 'कुरोई हानाबिरा' (काळ्या पाकळ्या) या गाण्याला. शब्द एइ रोकुसुकेचे, संगीत नाकामुरा हाचिदाईचं. हीच जोडी पुढे साकामोतो क्यूच्या 'उए ओ मुइते आरुको'मागे होती. ते गाणं १९६३ मध्ये 'सुकियाकी' अशा भलत्याच नावाने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. (प्रेमभंगाच्या गाण्याला खाद्यपदार्थाचं नाव! उद्या कुणी आपल्या विराणीला 'पिठलं' म्हटलं तर?)

तर मुद्दा असा, की हा पुरस्कार गायकाचा नाही. तो गाण्याचा आहे. गायक, गीतकार, संगीतकार आणि अरेंजर, चौघांचा. यातल्या शेवटच्या माणसावर माझा जीव आहे. १९८१ चं विजेतं गाणं 'रुबी नो युबिवा' घ्या. गाणारा तेराओ आकिरा, चालही त्याचीच. हाच पुढे कुरोसावाच्या 'रान'मध्ये दिसला. शब्द मात्सुमोतो ताकाशीचे. पण ते गाणं ऐकताना जो शहरी, ओलसर, रात्री उशिराचा माहौल तयार होतो तो इनोउए आकिराच्या अरेंजमेंटमुळे. चाल गुणगुणून बघा, अर्धं गाणं हातातून निसटतं. १९९० मध्ये 'ओदोरु पोंपोकोरिन' या धमाल गाण्याला बक्षीस मिळालं, ते गाणं 'चिबी मारुको-चान' या कार्टूनमधलं. गीतकार म्हणून बक्षिसाची धनी होती साकुरा मोमोको, म्हणजे ते कार्टून काढणारी बाईच. अशी माणसं व्यासपीठावर आणणारं बक्षीस टाकाऊ आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे आपल्याला तरी कळायला हवं. १९५७ मध्ये 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशनना फिल्मफेअर मिळालं आणि समारंभात 'रसिक बलमा' गायला लताबाईंनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गायिकेला नाही, मग मी का गाऊ, हा त्यांचा साधा सवाल होता. गायनाचं फिल्मफेअर सुरू झालं ते १९५९ मध्ये (पुन्हा तेच वर्ष), आणि पहिलं मिळालं त्यांनाच, 'मधुमती'साठी. छान झालं. पण त्याच शंकर-जयकिशनच्या गाण्यांचा वाद्यमेळ रचणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा? त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. आमच्या पिढीतल्या कितीतरी गाणीवेड्यांना त्यांचं नाव चाळिशीनंतर कळलं.

म्हणून चाबानवाल्यांना माझं पहिलं सांगणं: तुम्ही ज्याला हसता त्याची मूळ कल्पना आपल्या फिल्मफेअरपेक्षा न्याय्य होती. मग बिघडलं कुठे?

टीव्हीत. माझं मत अगदी स्पष्ट आहे. १९६९ पासून हा सोहळा ३१ डिसेंबरच्या रात्री थेट प्रक्षेपित व्हायला लागला. जपानमध्ये ती रात्र म्हणजे आपल्या लक्ष्मीपूजनासारखी. सगळे घरी, कोतात्सूच्या उबेत पाय घालून, समोर सोबाचे वाडगे, आणि टीव्ही चालू. सातला ताइशो, नऊला एनएचकेचा 'कोहाकु उता गास्सेन', म्हणजे गायिका विरुद्ध गायक असा गाण्यांचा सामना. सत्तरच्या दशकात गायक मंडळी इंपीरियल थिएटरात बक्षीस घेऊन, डोळे पुसत, गाडीत बसून शिबुयाच्या एनएचके हॉलकडे सुसाट निघायची. ती धावपळ हाही करमणुकीचा भाग होता. १९७७ मध्ये सावादा केंजी जिंकला तेव्हा तोक्यो परिसरात ५०.८ टक्के प्रेक्षकसंख्या होती. अर्धी घरं!

मग १९८९ मध्ये कोहाकु लांबला आणि सात वाजून वीस मिनिटांनाच सुरू व्हायला लागला. दोन्ही कार्यक्रम एकमेकांवर आपटले आणि ताइशो चेपला गेला. २००६ मध्ये टीबीएसने मुकाट्याने तारीख एक दिवस आधी घेतली. आयोजक हा इतिहास 'प्रेक्षक कमी झाले' असा सांगतात. मी असा सांगतो: संगीतकारांनी सुरू केलेलं बक्षीस एका वाहिनीच्या वर्षअखेरच्या वेळापत्रकातला एक कार्यक्रम झालं. कार्यक्रमाला चेहरे लागतात. येणारे, गाणारे, रडणारे. जो येणार नाही तो कितीही चांगला असला तरी कार्यक्रमाच्या उपयोगाचा नाही.

नाही म्हणायला मिस्टर चिल्ड्रन या बँडला १९९४ आणि २००४ मध्ये, ते हजर नसतानाही, बक्षीस दिलं गेलं. म्हणजे देता येतं! पण पुढचा हिशेब बघा. २००८, २००९, २०१० एक्झाइल. २०११, २०१२ एकेबी४८. २०१३ पुन्हा एक्झाइल. २०१४, २०१५ सानदाइमे जे सोल ब्रदर्स, जे एक्झाइलच्याच घरातलं भावंड. आठ वर्षं, दोन घरं. साडेबारा कोटींच्या देशात आठ वर्षं दोनच घरांत गाणी जन्मली?

कुणी म्हणेल, १९९५ ते १९९८ ही चार वर्षं ओळीने कोमुरो तेत्सुयाच्या गाण्यांनी नेली, तेव्हा का नाही ओरडलास? कारण तेव्हा खरोखरच रस्त्यावर, दुकानात, कराओकेत कोमुरो होता. आवडो न आवडो, त्या चार वर्षांचा आवाज तोच होता. आमुरो नामिएचं 'कॅन यू सेलिब्रेट?' तर पुढे कितीतरी लग्नांत वाजत राहिलं. आणि सलग तीनदा, २००१ ते २००३, जिंकणाऱ्या हामासाकी आयुमीने २००४ मध्ये स्वतःच शर्यतीतून अंग काढून घेतलं. आपल्या लताबाईंनीही फिल्मफेअरच्या बाबतीत हेच केलं होतं. जिंकणाऱ्याला जे कळतं ते देणाऱ्याला कळू नये?

मग आलं २०१६. 'शूकान बुनशुन' या साप्ताहिकाने एका बिलाची प्रत छापली. आदल्या वर्षीच्या पुरस्काराच्या संदर्भात, वर्षअखेरच्या प्रसिद्धीच्या कामापोटी म्हणून, दहा कोटी येनच्या वरची रक्कम. कुणी कुणाला किती दिले याचा निवाडा मी इथे बसून करणार नाही, कंपन्यांची नावंही घेणार नाही. मला खटकलं ते वेगळंच. इतका गंभीर आरोप झाल्यावर एखाद्या निवड समितीकडे एक सोपं उत्तर असायला हवं होतं. हे बघा आमचे परीक्षक, हे त्यांचं मत, आणि हे गाणं का निवडलं त्याचं कारण. असा कागद टेबलावर ठेवला असता तर बिल खरं असो की खोटं, गाणं तरी वाचलं असतं. आज त्या २०१५ च्या विजेत्या गाण्याबद्दल कुणी बोलत नाही. बिलाबद्दल बोलतात. त्या गाण्याच्या गीतकाराने, अरेंजरने कुणाचं काय वाकडं केलं होतं?

याउलट १९८९ आठवा. जूनमध्ये मिसोरा हिबारी वारली होती. तिचं 'कावा नो नागारे नो यो नी' घराघरात होतं आणि बक्षीस तिलाच मिळणार असं बहुतेकांनी धरलं होतं. मिळालं ते विंक या दोन मुलींच्या, चेहऱ्यावरची रेषही न हलवता गाणाऱ्या जोडीला. यावर जपानी माणसं अजून वाद घालतात. घालू देत की! तो वाद गाण्यांचा आहे. असा वाद मला हजार वेळा चालेल.

आता दुसरी बाजू. हल्लीचे तरुण म्हणतात, परीक्षक हवेतच कशाला? आकडे बघा. २०२३ मध्ये बिलबोर्ड जपानच्या वार्षिक यादीत योआसोबीचं 'आयडॉल' पहिलं, २०२४ मध्ये क्रीपी नट्सचं 'ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न' पहिलं. पुण्यातली माझी भाचीसुद्धा अ‍ॅनिमेपायी ही दोन्ही गाणी, अर्थ न कळता, अक्षर न चुकता म्हणते. ताइशो मात्र दोन्ही वर्षी मिसेस ग्रीन अ‍ॅपलला. झालं, पुन्हा चाबान!

इथे मी चक्क परीक्षकांच्या बाजूने उभा आहे. आकड्यांनीच ठरवायचं असेल तर यादी छापा आणि झोपा, सोहळा कशाला? १९६१ मध्ये 'उए ओ मुइते आरुको' आलेलं असताना परीक्षकांनी बक्षीस दिलं फ्रँक नागाईच्या 'किमी कोइशी'ला, जे युद्धापूर्वीचं जुनं गाणं नव्याने गायलेलं होतं. जगाच्या दृष्टीने केवढी चूक! पण नागाईचं ते गाणं ऐका. जुन्या चालीला जॅझचा जो साज चढवलाय तो ऐकून वाटतं, कुणाला तरी हे मनापासून आवडलं होतं. परीक्षक चुकू शकतो, ती मुभा मी त्याला देईन. आकडा चुकतही नाही आणि त्याला काही आवडतही नाही.

२०२५ च्या मे महिन्यात क्योतोमध्ये म्युझिक अवॉर्ड्स जपान नावाचा नवा, भव्य सोहळा झाला. साठाहून जास्त विभाग, पाच हजारांहून जास्त मतदार. वर्षाचं गाणं म्हणून निवडलं गेलं ते 'ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न'च. आता जुनं दुकान बंद करा, असं बरेच जण म्हणायला लागलेत. मी म्हणतो, उलट आता जुन्या दुकानाला जागा मोकळी झाली. लोकप्रियतेचं ओझं नव्यांनी उचललंय ना? मग संगीतकारांच्या संघटनेने आपलं मूळ काम करावं. निकाल प्रक्षेपणाच्या महिनाभर आधी जाहीर करावा, म्हणजे कोण येणार न येणार याचा निवडीशी संबंधच उरणार नाही. परीक्षकांनी आपापल्या नावानिशी मत द्यावं आणि चार ओळी कारण लिहावं. आणि व्यासपीठावर गायकाच्या आधी बाकीच्या तिघांना बोलवावं. प्रेक्षक कमी होतील? होऊ देत. अर्धी घरं तर कधीच गेली.

जमणार नाही असं नाही. २०१९ मध्ये 'पापुरिका' या गाण्याला बक्षीस दिलं तेव्हा गाणारी फूरिन ही पाच पोरं होती, आणि गाणं लिहिणारा योनेझु केन्शी. त्या वर्षी कुणी चाबान म्हटल्याचं माझ्या कानावर आलं नाही. लहान मुलं बालवाडीत त्यावर नाचत होती आणि मोठ्यांना ते कुणी लिहिलंय हे माहीत होतं. एवढंच तर हवंय.

निशिकासाईतली, नागोयातली जी मंडळी हे वाचतात त्यांनी जरूर कळवा, तुमच्या ऑफिसात काय बोलतात ते. माझ्याशी भांडायलाही हरकत नाही. अट एकच. चाबान म्हणण्याआधी गेल्या दहा वर्षांतल्या कुठल्याही एका विजेत्या गाण्याच्या अरेंजरचं नाव, गूगल न करता, सांगायचं.