तळ्यातल्या मरणाची नोंद

शेततळ्यातले मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले, की समजावे, पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे. रात्रभर मासे आणि शेवाळ दोघेही तो वापरत असतात. दाटीने बीज सोडलेल्या तळ्यात तो पहाटेपर्यंत पुरत नाही. उन्हे वर येईतो मेलेल्या माशांचा खच पाण्यावर तरंगतो. मालक ते उपसतो, खड्ड्यात पुरतो आणि नव्या बोटुकलीसाठी पैशांची जुळवाजुळव करू लागतो. किती मेले, कशाने मेले, हे सरकारदरबारी कळत नाही. हे अज्ञान धोक्याचे आहे, आणि ते वाढत चालले आहे.

मत्स्योत्पादनात भारत चीनखालोखाल दुसरा. 2023-24 मध्ये देशात सुमारे 184 लाख टन मासळी निघाली, त्यातला तीन चतुर्थांश वाटा समुद्राबाहेरच्या, देशांतर्गत पाण्याचा. 2020 साली केंद्राने मत्स्यसंपदा योजनेसाठी 20,050 कोटी रुपयांचा आराखडा मांडला. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. या दर्जामुळे स्वस्त वीज मिळाली तर रात्री पाण्यात हवा मिसळणारा एरेटर चालवणे परवडेल, तेव्हा निर्णय चांगलाच आहे. पण पशुगणनेत कोंबड्या-डुकरे मोजली जातात आणि मासा मात्र टनांत. टनांच्या हिशेबात विकलेला मासा दिसतो, तळ्यात मेलेला दिसत नाही. मग उत्पादन वाढवायचे म्हणजे त्याच पाण्यात आणखी बीज सोडायचे, एवढाच अर्थ खाली पोहोचतो.

दाटी झाली की रोग आला. आंध्रच्या रोहू-कटल्याच्या तळ्यांत अर्गुलस नावाची माशांची ऊ ही नित्याची डोकेदुखी आहे. ती अंगाला चिकटून रक्त पिते, जखमा करते, आणि त्या जखमांतून जिवाणू शिरतात. उपाय म्हणून पाण्यात कीटकनाशक पडते, खाद्यात प्रतिजैविक. मात्रा बरेचदा दुकानदार सांगेल ती. तोच मासा बर्फात भरून पुण्या-मुंबईच्या बाजारात येतो. माशाची कीव ज्यांना येत नाही, त्यांनी निदान स्वतःच्या ताटाचा विचार करावा.

कीव यायलाही सबळ कारण आहे. जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ट्राउट माशाच्या डोक्यात वेदना टिपणारे चेतातंतू असल्याचे दाखवून दिले. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राणी येतो, म्हणजे मासाही आला. बर्फात टाकून किंवा गुदमरवून मारण्याने माशाचे हाल होतात, असे जागतिक पशुआरोग्य संघटनेची संहिता सांगते, आणि भारत त्या संघटनेचा सदस्य आहे. आपल्याकडे सर्रास चालते ते नेमके हेच.

संशोधन नाही, ही सबब चालणार नाही. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था 1961 पासून काम करते आहे. भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेने लवकर वाढणारा जयंती रोहू दिला. पाण्याची प्रत, दाटीचा ताण, रोगांचे निदान यांवर प्रबंध आहेत, पण ते इंग्रजीत, आणि पुष्कळसे महागड्या नियतकालिकांत. अशी नियतकालिके खुली करणाऱ्या ‘एक देश, एक वर्गणी’ योजनेवर तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये ठेवले गेले. त्यातून सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांची आणि संशोधकांची सोय झाली. इंदापूरच्या तळेवाल्याची नाही.

नॉर्वेत सॅमनपालकांना मेलेल्या माशांची माहिती सरकारला द्यावीच लागते, आणि तिथली पशुवैद्यक संस्था दरवर्षी ती प्रसिद्ध करते. 2023 मध्ये समुद्रातल्या पिंजऱ्यांत सुमारे 6 कोटी 28 लाख सॅमन मेले. आकडा लाजिरवाणा आहे, नॉर्वेला आदर्श मानण्याची गरज नाही. पण तो आकडा जाहीर आहे, म्हणूनच तिथे त्यावर कंपन्यांना जाब विचारता येतो.

अनुदानावर बांधलेल्या प्रत्येक तळ्यातून आणि धरणातल्या पिंजऱ्यातून दरमहा मरतुकीची नोंद घ्यावी. मालकाचे नाव गुप्त ठेवून जिल्हावार आकडे जाहीर करावेत आणि त्यांच्याच जोडीला त्या रोगावरचे संशोधन सोप्या मराठीत द्यावे. नोंद केली म्हणून कुणाचे कर्ज किंवा विमा अडता कामा नये. एकदा जरी कुणाचे असे अडले, तर पुढच्या महिन्यापासून सगळ्या तळ्यांत शून्य मरतूक लिहून येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. पावसाळ्यात बीज सोडले जाण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय आयुक्तांचे एक परिपत्रक निघाले, तरी सुरुवात होईल.