पेरुंगुडीची दिवाळी आणि पावसाचे पंचांग

जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरील पेरुंगुडी हे नाव पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील अनेक घरांत आता परिचयाचे झाले आहे. तेथील संगणक कंपन्यांत मुलगा किंवा सून नोकरीस असते आणि दिवाळी जवळ आली की आईवडील चकलीचे डबे बांधून चेन्नईची गाडी धरतात. त्यांच्या वात्सल्याविषयी शंका नाही. निवडलेल्या मुहूर्ताविषयी मात्र आहे.

महाराष्ट्रात दसऱ्यानंतर छत्र्या माळ्यावर जातात. चेन्नईत त्या त्याच सुमारास बाहेर निघतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा भर पश्चिम घाटावर ओसरतो. चेन्नईचा खरा पावसाळा ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो. वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत पडतो. त्यातच बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा हाच हंगाम.

पेरुंगुडीची अडचण याहून मोठी. हा भाग पळ्ळिकरणै पाणथळीच्या काठी वसला आहे. दक्षिण उपनगरांतील तलावांचे पाणी याच दलदलीत उतरून पुढे समुद्राकडे जाते. दलदलीची जागा इमारतींनी घेतली. पाण्याने आपली वाट सोडली नाही. डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईचा विमानतळ काही दिवस बंद होता आणि अनेक गाड्या रद्द झाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या वेळी पेरुंगुडी परिसर पुन्हा पाण्यात गेला. सत्तरीच्या गृहस्थांनी मधुमेहाच्या मोजक्या गोळ्या घेऊन, वीज व उद्वाहन बंद असलेल्या नवव्या मजल्यावर अडकून पडावे, हा सण नव्हे.

दरवर्षी पूर येतो असे नाही. २०१६ साली ईशान्य पावसाने दगा दिला. पण त्याच वर्षी १२ डिसेंबरला वरदा वादळ शहरावर आदळले! सरासरीवर विसंबून चालत नाही, हे ठेवीदारांना निराळे सांगायला नको.

मे महिन्याचा पर्याय तर त्याहून वाईट. ३१ मे २००३ रोजी चेन्नईत पारा ४५ अंशांवर गेला होता. मौज अशी की, हाच मे महिना रोम वा अथेन्सच्या सहलीस उत्तम. भूमध्य सागराकाठीही पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. मे महिन्यात पाऊस सरलेला असतो आणि कडक ऊन यायचे असते. आपल्या शाळांची सुट्टी तेथे योगायोगाने जुळते, चेन्नईत जुळत नाही.

मग जावे केव्हा? जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. निवृत्त आईवडिलांना शाळेचे वा कचेरीचे बंधन नसते. तरी जुन्या सवयीने ते दिवाळीच धरून बसतात. वास्तविक तामिळनाडूत दिवाळीपेक्षा पोंगलची शासकीय सुट्टी मोठी असते. चकली संक्रांतीलाही गोड लागते आणि तिळगूळ तर हक्काचाच.

बँकेतील कर्मचाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. एलएफसी घेऊन जानेवारीत निघावे तर शाखेत मार्चअखेरची चाहूल लागलेली असते. तरीही वसुलीचा जोर वाढण्यापूर्वी संक्रांतीचा आठवडा मागून पाहण्यास हरकत नाही. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी मिळते. म्हणजे पोंगलच्या तिकिटाचा विचार नोव्हेंबरच्या मध्यावर, दिवाळीचा फराळ संपता संपताच करावा लागेल. तोवर पळ्ळिकरणैच्या पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरू लागलेले असतात.